तक्त्यात ‘-०.०’ छापून आलं तर काय करावं?

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर सोमवारी विहिरींचं पाणी मोजतात. काठावरून दोरी सोडायची, पाणी किती खोल लागतं ते मीटरमध्ये लिहायचं. आठवड्यात पाणी किती चढलं-उतरलं ते दाखवणारा छोटा प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला. पहिल्याच तक्त्यात दोन विहिरींपुढं ‘-०.०’ आलं. काका म्हणाले, “वजा शून्य म्हंजे काय रे? पाणी उतरलंय का नाही, तेवढं सांग की!”

संगणक चुकलेला नव्हता. दशांश संख्या संगणकात कशी साठवायची ते ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, १ बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे असतात. चिन्हाचा बिट वेगळा, म्हणून शून्यालाही वजा चिकटू शकतं. साध्या पूर्णांकात ही भानगड नसते.

आधी ओळखा. ‘शून्याइतकंच आहे का’ विचारून उपयोग नाही, दोन्ही शून्यं समानच ठरतात. ‘शून्यापेक्षा लहान का’ विचारलं तरी उत्तर नाही असंच. पायथॉनमध्ये कॉपीसाइन वापरा: १ ला त्या संख्येचं चिन्ह द्या, -१.० आलं की चोर सापडला. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट डॉट इज हेच काम करतं. तिथं १ ला वजा शून्यानं भागलं तर वजा अनंत मिळतं. पायथॉन मात्र भागूच देत नाही, सरळ एरर देतो.

मग ते आलं कुठून ते शोधा. माझा खरा वेळ इथंच गेला. पहिल्या विहिरीत खोली ९.४२ वरून ९.४५ झाली होती. फरक -०.०३, एका दशांशावर आणला की -०.०. दुसरीत पाणी जागचं हललंच नव्हतं! खोली वाढली म्हणजे पाणी उतरलं, म्हणून मी ‘नवी वजा जुनी’ काढून चिन्ह उलटं करत होतो, आणि ०.० चं चिन्ह उलटलं की -०.० होतं. इलाज सोपा: ‘जुनी वजा नवी’ करा. सारख्या संख्यांची वजाबाकी नेहमीच्या राउंडिंगमध्ये अधिक शून्यच देते.

वजा नकोच असेल तर आधी राउंड करा, नंतर ०.० मिळवा. क्रम उलटा केला तर -०.०३ तसंच राहतं आणि राउंड केल्यावर वजा परत हजर. पायथॉन ३.११ पासून फॉरमॅटमध्ये ‘झेड’ अक्षर टाकूनही जमतं. पण ही सफाई छापतानाच करा, हिशेबाच्या मध्ये नको. कोन काढणाऱ्या एटॅन२ मध्ये दुसरी संख्या -१ असताना पहिलं शून्य अधिक की वजा, यावर उत्तर पाय (π) येतं की वजा पाय हे ठरतं.

मी वजा पुसलं नाही, दोन दशांश दाखवले. आता पहिल्या विहिरीपुढं -०.०३ दिसतं, दुसरीपुढं ०.००.

“तीन सेंटिमीटर उतरलंय,” मी काकांना सांगितलं.

“मग तसं लिही की, सेंटिमीटरात.”