पॅड-डिस्क घ्यायला निघण्याआधी मायक्रोमीटर लावा

लेथवर उमेदीची वर्षं गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. खोक्यावरची विशेषणं मी वाचत नाही, आकडे वाचतो. ब्रेकच्या सामानाच्या खोक्यांवर तर विशेषणांचा सुकाळ: 'स्पोर्ट', 'प्रीमियम', 'अल्ट्रा' आणि काय काय. कुणी विचारलं, "सेडानला कुठले पॅड घेऊ?" की मी उलट विचारतो, "जुने किती उरलेत?" बहुतेकांनी पाहिलेलेच नसतात. मग नवे कसले निवडणार?

तर आधी चाक उतरवा. गाडी सपाट जागी, जॅकच्या जोडीला स्टँड लावलेला, न उचललेल्या चाकांना अडण्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

बाहेरचा पॅड दिसतो, म्हणून लोक तेवढाच बघतात. आतला, पिस्टनच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा, पुष्कळदा जास्त झिजलेला असतो. मोजायचा तो फक्त घर्षणाचा थर, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. नव्या पॅडवर हा थर साधारण 10 ते 12 मिमी असतो, 3 मिमीवर आला की बदलायची वेळ झाली. आत-बाहेरच्या पॅडमध्ये दोनेक मिमीचा फरक दिसला तर खरेदीचा विचार जरा बाजूला ठेवा आणि कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना हाताने हलवून बघा. पिन जाम असेल तर कितीही भारी पॅड आणा, तोही तसाच एकांगी झिजणार. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं.

आता डिस्क, म्हणजे माझ्या आवडीचा भाग. डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवा, एक बारीक कंगोरा लागेल. पॅड तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून तेवढी कड मूळ जाडीची राहते आणि आतला पृष्ठभाग खाली जातो. व्हर्नियरचे, म्हणजे सरकत्या मापपट्टीचे, जबडे नेमके या कंगोऱ्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्क छान जाड दाखवतात. म्हणून मायक्रोमीटर (बारीक टोकांचं, स्क्रू फिरवून जाडी मोजायचं साधन) घ्या, कडेपासून 10-15 मिमी आत, गोलाकार सहा-आठ ठिकाणी मोजा आणि सगळे आकडे लिहून ठेवा.

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मधल्या टोपीवर किंवा कडेला. गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, म्हणजे वाचता येईल. समजा नवी डिस्क 22 मिमीची आणि किमान 20. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून झिजायला 2 मिमी, एकेका बाजूला जेमतेम 1. त्यात 20.4 वर आलेली डिस्क 'थोडी फेस करून', म्हणजे लेथवर वरचा थर काढून, वापरायचा सल्ला मिळतो. मी स्वतः लेथवाला असून सांगतो, करू नका. दोन्ही बाजूंना दोन-दोन दशांश काढले की ती किमान जाडीवर येऊन बसली. पुढची झीज कुठून आणायची? पातळ डिस्कमध्ये उष्णता शोषायला लोखंडच कमी उरतं, ती लवकर तापते. जाडी भरपूर शिल्लक असेल, चरे उथळ असतील, तडा नसेल, तर जुन्या डिस्कवर नवे पॅड खुशाल चालवा.

लिहिलेल्या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. ब्रेक दाबताना पेडल थरथरतं, स्टिअरिंग हलतं, आणि लगेच निदान होतं: 'डिस्क वाकली'. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडी एकसारखी राहिलेली नसते. दोन शतांश मिमीचा फरकसुद्धा पायाला जाणवू शकतो. पॅडचा मसाला डिस्कवर काही ठिकाणी जास्त चिकटल्याने तो येतो. किंवा हबवर (डिस्क जिथे टेकून बसते त्या भागावर) गंज राहिला, डिस्क किंचित डुलत फिरली आणि दर फेरीला एकाच जागी पॅडला घासत गेली, तरीही येतो. दुसरं कारण असेल तर नवी डिस्कही काही हजार किलोमीटरवर तशीच होईल. हब मात्र फार थोडे लोक साफ करतात.

पॅडचा मसाला मोटामोटी तीन घराण्यांचा. ऑर्गॅनिक मऊ आणि शांत, डिस्कला सांभाळून घेणारा, पण लवकर झिजतो आणि फार तापला की पकड सोडू लागतो. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतो. भरलेली गाडी घेऊन लांब उतार उतरणाऱ्याला तो बरा. मात्र आवाज जास्त, काळी धूळ जास्त, आणि डिस्कही जास्त खातो. सिरॅमिक शांत असतो, त्याची धूळ फिकट, चाकं स्वच्छ राहतात. रोजच्या सेडानला गाडीबरोबर ज्या घराण्याचे पॅड आले होते त्याच घराण्याचे घ्यावेत, असं माझं मत. ब्रेकची सगळी जुळणी त्या घर्षणावर केलेली असते.

हे घर्षण खोक्यावर नाही तरी बऱ्याच पॅडच्या कडेवर छापलेलं असतं: लांबलचक क्रमांकाच्या शेवटी दोन अक्षरं. पहिलं नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. एफएफपेक्षा जीजी 'वरच्या दर्जाचा' असं मात्र समजू नका. ती फक्त पकड आहे, टिकाऊपणा किंवा शांतता त्यातून कळत नाही. मी दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली घसरलेलं नाही ना, एवढं बघतो. एफई असेल तर तो पॅड गरम झाल्यावर ढिला पडतो. युरोपीय आर 90 नियमाची खूण असेल तर उत्तम. त्यात बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर राहावं लागतं. कसलीच खूण नसलेला, नुसता रंगवलेला पॅड परत करा.

डिस्क साधी घ्या. पुढे हवेशीर पोकळीची असेल तर तशीच, मागे भरीव असेल तर भरीव. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास, पण भोक म्हणजे तिथलं लोखंड गेलं, आणि तापून-निवून तडे जातात ते भोकाच्या कडेपासूनच. जास्तीचे पैसे टाकायचेच असतील तर टोपी आणि कडांवर गंजरोधक लेप असलेल्या डिस्कवर टाका.

मापाची खात्री चॅसी क्रमांकावरून करा. 'अमुक मॉडेल, तमुक साल' एवढ्यावर भागत नाही, एकाच सालच्या एकाच मॉडेलला इंजिनाप्रमाणे वेगळ्या व्यासाच्या डिस्क असतात. सामान आलं की जुनं-नवं शेजारी ठेवा: व्यास, टोपीची उंची, बोल्टची भोकं, पॅडचे कान, झिजेची सूचना देणारी वायर असेल तर तिचा प्लग. बसवायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम आहे. पॅड आणि डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदम बदला, आणि क्लिपांचा नवा संचही घ्या. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन आधी सर्व्हिस मोडवर न्यावा लागतो. काही गाड्यांत मागचा पिस्टन फिरवत आत जातो, तिथे नुसता दाबू नका.

बसवताना हब चकचकीत घासा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. डायल गेज (बारीक हालचाल सुईवर दाखवणारं माप) असेल तर डिस्क नटांनी आवळून डूल बघा, 0.05 मिमीच्या आत हवी. पिस्टन आत ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडे लक्ष असू द्या, रंगावर सांडलं तर रंग जातो. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ते थेट तळाशी जातं.

मग मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. मध्ये थोडं थोडं चालवून निवू द्या. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका, गरम मसाल्याचा ठसा तिथेच उमटतो. पॅडच्या खोक्यात कंपनीची वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. निवल्यावर चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क बघा. पूर्ण पट्टा एकसारखा राखाडी दिसायला हवा. आतला किंवा बाहेरचा भाग नव्यासारखा चकाकत राहिला तर पॅड सपाट बसत नाहीये. चाक पुन्हा उतरवा, क्लिपा आणि पिना तपासा.