घरातल्या तरुणांचा राग समजून घ्यायचा, तर आधी सातबारा काढावा

गणपतीला गावी आलेली मुले आरती संपताच खळ्यात जाऊन बसतात आणि वडीलधाऱ्यांनी काही विचारले की चिडून उत्तर देतात, अशी तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी ऐकू येते. या चिडण्याचे खापर संस्कारांवर फोडणे सोयीचे असले, तरी माझ्या अनुभवात त्याचे मूळ बहुधा हिशेबात सापडते. म्हणून ज्या ज्येष्ठांना ते खरोखर जाणून घ्यायचे आहे, त्यांनी उपदेश बाजूला ठेवून घरातली कागदपत्रे बाहेर काढावीत.

वेळ निवडताना सणाचे दिवस टाळावेत. आंबा उतरून झाल्यावरची, पाऊस लागण्याआधीची एखादी दुपार बरी. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) आधीच काढून ठेवावेत आणि ते मुलांना स्वतः वाचू द्यावेत. आमच्या पडवीत पुतण्याने सातबाऱ्यावरच्या तेवीस नावांपैकी नऊ नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढली, कारण ती नऊ माणसे केव्हाच वारली होती. तो म्हणाला, "काका, या जमिनीवर मला कोण कर्ज देईल?" आपले बागायतदार घराणे असल्याचे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो होतो, त्याच्या हाती मात्र सामाईक गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत तुटपुंजा, तोही नावावर न चढलेला हिस्सा येणार होता.

त्यानंतर स्वतःची मिळकत न लपवता सांगावी, आणि हे जमिनीपेक्षा जड जाते. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. मला जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना सर्वसाधारणपणे ती योजना लागू नाही, आणि माझ्यासारखेच काम कंत्राटावर करणाऱ्या पुतण्याला तर नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हेही ठाऊक नाही. अशा मुलाला "आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो" हे वाक्य ऐकवू नये. (मी ते ऐकवले आहे, एकदा नव्हे.)

मात्र आपल्या पिढीला सारे आयते मिळाले, असेही कबूल करण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतली नोकरी गमावून कितीतरी चाकरमानी कोकणात परतले, हे मुलांना माहीत असावे. तसेच खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा खोतांचा वंशपरंपरागत हक्क, रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला, त्याआधी आपले घर खोताचे होते की कुळाचे, हेही सांगावे. जमीन कष्टाने मिळाली की जन्माने, याचे उत्तर त्यातच असते आणि मुले ते विचारणारच.

मुलींचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. बहिणींना माहेरी बोलावून, साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सह्या घेणे आमच्याकडे रीत मानली गेली, आणि माझ्या बहिणीनेही ती सही केली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. माझ्या मुलीने आत्याच्या सहीविषयी विचारले, तेव्हा "तिने खुशीने दिले" एवढेच मी म्हणू शकलो. त्यावर मुलीने, नाही म्हटले असते तर आत्याचे माहेर उरले असते का, असे विचारले. अशा प्रश्नावर लगेच बचाव करू नये. आमच्या घरी मी केला आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बोलणे झाल्यावर काम वाटून द्यावे. मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी मृत्यूच्या दाखल्यांसह तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सर्व हिस्सेदार राजी असतील, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. या खेपा तरुणांनी घालाव्यात, पण "पोरांना काय कळते" असे म्हणून कागद मात्र आपल्या ट्रंकेत ठेवू नयेत.

आमची फाइल आता पुतण्याकडे असते. नऊपैकी चार नावांच्या जागी वारस लागले आहेत; पाचवे नाव ज्यांचे, ते आजोबा मुंबईत वारले, त्यांचा दाखला माझी मुलगी शोधते आहे.