रात्री तीनला टक्क जाग यायची, ती अशी थांबली

झोप पटकन लागायची पण तीन-सव्वातीनला टक्क जाग, छातीत धडधड, डोक्यात उद्याची कामं, आणि सकाळी अंग आंबलेलं, दिवसभर चिडचिड. सात महिने हे चाललं, अक्षरशः रडकुंडीला आले होते. लवकर झोपून पाहिलं, सुट्टीला उशिरापर्यंत लोळून पाहिलं, ध्यानाचं ॲप टाकलं, एकदम तासभर व्यायाम सुरू केला तो नवव्या दिवशी बंद.

जमलं ते असं, क्रम बदलू नका. आधी फक्त उठायची वेळ पक्की केली, ६:१५, सुट्टीलापण, आणि उठल्यावर १५ मिनिटं बाहेर उजेडात चालणं, कारण शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडानेच लागतं. दोन आठवडे एवढंच. मग दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद (कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात). तिसऱ्या आठवड्यात फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, आणि झोपायच्या आधी वहीत उद्याची कामं, प्रत्येकाची पहिली पायरी लिहायची, म्हणजे नुसतं "बँक" नाही, "बँकेचा फॉर्म भरणे". वही मिटली की दिवा बंद करून दहा मिनिटं शांत बसायचं, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. प्रार्थना करत असाल तर ती इथेच करा, मी करते.

तरी जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही, झोप येत नाहीये असं वाटलं की उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत अंथरुणात. पाचव्या आठवड्यापासून जाग आठवड्यातून एखाद्या वेळीच येते. झोपेत श्वास अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.