घरी शैक्षणिक साधने बनवताय? या चुका टाळा

खपून बनवलेलं साधन मुलाने दोन दिवसांत बाजूला टाकलं, की ‘याला गोडीच नाही’ असं आपण म्हणून टाकतो. माझा अनुभव असा, की दहापैकी नऊ वेळा खोट साधनात असते.

सगळ्यात मोठी चूक सजावटीची. चकाकता कागद, कडेने टिकल्या, आणि वर ‘हळू हं, फाटेल’ अशी ताकीद. ज्याला हात लावायची भीती वाटते त्यातून मूल काय शिकणार? तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. ती हरवली, तुटली तरी बिघडत नव्हतं, अंगणात आणखी होतीच.

आता दशक-एककाच्या काड्या. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे कापून घ्या, आइसक्रीमच्या काड्याही चालतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दहा-दहाचे गठ्ठे आईबाबांनीच बांधून देणं. दहा मोजून रबरबँड लावण्याच्या कामातच तर दशक कळतो. काही जण गठ्ठा सुटू नये म्हणून डिंकाने चिकटवतात. मग ३२ मधून ७ काढायचे झाले की सगळं अडतं: सुट्या दोनच, आणि गठ्ठा काही सुटत नाही. गठ्ठा सुटायलाच हवा. त्यालाच शाळेत ‘हातचा घेणे’ म्हणतात. उन्हाळ्यात रबरबँड चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पातळ काप करा, ते बरेच टिकतात. ‘लाल मणी म्हणजे दहा’ ही युक्तीही फार लवकर वापरू नका. लाल मण्यात मुलाला दहा दिसत नाहीत, गठ्ठ्यात दिसतात.

काड्या बरोबर मांडल्या तरी मूल ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहितं, अशी तक्रार फार येते. तो दोष काड्यांचा नाही आणि मुलाचाही नाही. आपण तीन आधी बोलतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलट. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’सारखी वाचनं आली, तेव्हा त्यावरून केवढा वाद झाला! मला विचाराल तर घरी दोन्ही बोलावं. आधी गठ्ठे ठेवत ‘वीस’, मग सुट्या ठेवत ‘तीन’, आणि शेवटी ‘तेवीस’. एकोणतीसला तर काड्या फारच कामी येतात. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या मांडा आणि विचारा, तिसरा गठ्ठा व्हायला किती हव्यात? एक. तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस. हे ऐकताना मुलांचे डोळे चमकतात. फक्त ८९ ला एकोणनव्वद म्हणतो, पण ९९ ला नव्याण्णव, हे आधीच सांगून ठेवा.

कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना दोरीने वाट्या टांगून केलेला तराजू रिकामा असतानाच एका बाजूला झुकतो. बहुतेक जण दोऱ्या लांब-आखूड करत बसतात. त्याने काही होत नाही, कारण दोरीच्या लांबीने तोल बदलत नाही. बघायचं ते दोरी मधल्या टांगणीपासून किती अंतरावर बांधली आहे आणि वाट्यांचं वजन सारखं आहे का. दोरी सरकू नये म्हणून तिथे चिकटपट्टी लावा. तरीही फरक राहिला तर हलक्या बाजूला कणकेची किंवा मातीची गोळी चिकटवा, वाण्याच्या जुन्या तराजूला पासंग असे तसा. मग दोन्ही पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करून पाहा. आधी कांदा खाली गेला होता आणि जागा बदलल्यावर वर गेला, तर भुजा अजून सारख्या नाहीत. ही तपासणी मुलालाच करू द्या.

अपूर्णांकांसाठी पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापू नका. गोलाचे घडी घालून दोन, चार, आठ भाग होतात, पण तीन सारखे भाग हाताने कापताना चुकतातच, आणि मूल चुकीचा तृतीयांश शिकतं. त्यापेक्षा २४ सेंमीच्या कागदी पट्ट्या घ्या. अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, सहावा भाग ४, आठवा ३.

बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरं करताना डिंकावर रवा टाकला तर चार दिवसांत मुंग्या येतात. चाळलेली बारीक वाळू घ्या. बोट कुठून सुरू करायचं तिथे ठिपका द्या, नाहीतर मूल खालून वर गिरवतं आणि तीच सवय लागते. कॉम्प्युटरवरून अक्षरं छापून घेत असाल तर ‘ल’ आणि ‘श’ नीट बघा. बऱ्याच फाँटमध्ये त्यांची हिंदी वळणं येतात आणि मूल शाळेत दुसरंच पाहतं.

एक गोष्ट मात्र अजिबात चालवून घेऊ नका. मोजायला म्हणून गुंजा वापरू नका. लालकाळ्या दिसतात सुंदर, पण गुंजेचं बी विषारी आहे. चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बियांचंही तसंच. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी, बटणं, शेंगदाणे ठेवू नका, घशात अडकतात. जुन्या खेळण्यातले बटणासारखे सेल तर साधनाच्या डब्यात चुकूनही येता कामा नयेत. ते गिळले गेल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा. लहान भावंड घरात असेल तर काड्यांचा डबा झाकणाचा घ्या, आणि खेळ संपल्यावर काड्या मोजूनच आत जाऊ द्या. मोजायचं काम थोरल्याकडे द्या.