एजंट फोन उचलत नाही आणि शिफ्टिंगची तारीख तर ठरलीये, मग करायचं काय

"हो सर, संध्याकाळपर्यंत पाठवतो." हे वाक्य मी दीड महिन्यात किमान वीस वेळा ऐकलं असेल, ती संध्याकाळ काही उगवली नाही.

नोकरी बदलली, दुसऱ्या शहरात जॉइनिंगची तारीख पक्की झाली, इकडच्या घरमालकाला नोटीस देऊन मोकळा झालो आणि मग तिकडे घर शोधायला लागलो. म्हणजे क्रमच उलटा झाला, पण ते तेव्हा कळायला नको का. नऊ एजंटना मेसेज टाकले. चौघांनी बघितला आणि चिडीचूप, दोघांनी फोन केला पण मी विचारलेलं घर सोडून भलतंच गळ्यात मारायला बघत होते, दोघांचे नंबरच लागेनात, आणि उरलेला एक रोज "उद्या नक्की" म्हणायचा. त्या सगळ्या मनस्तापातून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, भाड्याचं घर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय पण विकत घेणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल.

तो गप्प का बसतो

आधी मला वाटायचं ही माणसं माजलेली आहेत. काही असतीलही. पण त्यांच्या बाजूने बघितलं की हिशोब सोपा आहे, बहुतेक एजंटला पैसे व्यवहार झाल्यावरच मिळतात, फोनवर अर्धा तास बोलण्याचे शून्य. त्यात भाड्याच्या घराचं कमिशन विक्रीपेक्षा कितीतरी कमी. समोर एक माणूस आज संध्याकाळी चावी घेऊन घर बघायला तयार आहे आणि दुसरा म्हणतोय की मी पुढच्या महिन्यात येणारे, आत्ता फक्त चौकशी करतोय. तुम्ही असता तर कोणाचा फोन उचलला असता?

दुसरं म्हणजे साइटवर "संपर्क करा" बटण दाबलं की तुमची चौकशी बरेचदा एकाच वेळी चार-पाच एजंटकडे जाते. प्रत्येकाकडे अशा चौकशांचा ढीग, त्यातले कित्येक नुसते टाइमपास करणारे, त्यामुळे "हाय, अव्हेलेबल आहे का" वाला मेसेज त्या ढिगात गाडला जातो.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. जाहिरात टाकणारा एजंट बहुतेक वेळा मालकाचं काम करत असतो, तुमचं नाही. पैसे कोण देतो हे जागोजागी वेगळं आहे. जर्मनीत २०१५ पासून भाड्याच्या घरासाठी ज्याने एजंटला काम दिलं त्यानेच पैसे द्यायचे असा नियम आहे, इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने भाडेकरूकडून घ्यायची बहुतेक फी बंद केली, आणि बऱ्याच ठिकाणी अजून दोन्हीकडून घेतात. जिथे जाताय तिथला नियम आधी बघून ठेवा, म्हणजे हा माणूस नक्की कोणाचा आहे ते कळतं आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही.

आणि हो, जाहिरातीतलं घर कधीच गेलेलं असू शकतं. जाहिरात मुद्दाम काढत नाहीत कारण तिच्यावर फोन येतात. "तो तर कालच गेला सर, पण माझ्याकडे दुसरा आहे" हे ऐकलं की समजून जा. दोनदा झालं तर त्या एजंटचं नाव यादीतून काढा, तिसऱ्यांदा संधी द्यायची गरज नाही.

पहिला मेसेज असा लिहा की त्याला काम दिसलं पाहिजे

माझा पहिला मेसेज एका ओळीचा होता आणि उत्तरही तसंच आलं, म्हणजे आलंच नाही. नंतर बदलला तो साधारण असा:

"नमस्कार. १५ तारखेला नोकरीवर रुजू होतोय, १० पर्यंत राहायला यायचंय. दोन बेडरूम हवेत, आम्ही तिघं. भाड्याचं बजेट अमुक, डिपॉझिट वेगळं. ऑफिस अमुक भागात आहे, ४० मिनिटांत पोचता आलं पाहिजे. ओळखपत्र, ऑफर लेटर, आधीच्या घरमालकाचं पत्र सगळं तयार आहे. घर पसंत पडलं तर दोन दिवसांत ॲग्रीमेंट करतो. तुमच्या जाहिरातीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अजून रिकामा आहे का? असेल तर उद्या किंवा परवा संध्याकाळी ६ नंतर दहा मिनिटं व्हिडिओ कॉल जमेल?"

यात जादू काही नाहीये. तारीख आहे, पैसे आहेत, कागद तयार आहेत, आणि शेवटी एकच प्रश्न ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं गाडीत बसल्या बसल्या देता येतं. आपण काय करतो, एका मेसेजमध्ये पाणी किती वाजता येतं, पार्किंग आहे का, शाळा किती लांब, शेजारी कसे आहेत असे अकरा प्रश्न कोंबतो आणि तो म्हणतो निवांत उत्तर देऊ, तो निवांतपणा कधीच येत नाही.

बजेट लपवू नका. थोडी वरची मर्यादा स्वतःकडे ठेवा, पण आकडा सांगा, नाहीतर तो तुमच्या कामाला हातच लावणार नाही. मात्र कागदपत्रं "तयार आहेत" एवढंच सांगायचं, ओळखपत्राची कॉपी न बघितलेल्या माणसाला पाठवायची नाही. पाठवायचीच वेळ आली तर त्यावर आडवं "फक्त अमुक घराच्या भाडेकरारासाठी" असं तारखेसकट लिहून मग पाठवा.

वेळेचंही बघा. सुट्टीच्या दिवशी हे लोक दिवसभर घरं दाखवत फिरत असतात, तेव्हा मेसेज टाकला की बुडालाच. कामाच्या दिवशी सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या फोन केलेला मला जास्त लागू पडला.

वाट किती बघायची

इथेच माझे सगळ्यात जास्त दिवस वाया गेले. उत्तर येईल, येईल म्हणून भिजत घोंगडं ठेवलं. आता माझा नियम असा आहे: पहिला मेसेज, दुसऱ्या दिवशी एक फोन, त्याच्या पुढच्या दिवशी शेवटचा मेसेज आणि विषय संपला. मधे मधे "??" आणि "हॅलो" टाकत बसायचं नाही, त्याने आपणच केविलवाणे दिसतो. शेवटच्या मेसेजमध्ये शांतपणे लिहायचं, "शुक्रवारी दुपारपर्यंत कळलं नाही तर मी दुसऱ्यांबरोबर पुढे जातो, काही हरकत नाही." गंमत म्हणजे गप्प बसलेल्या चौघांपैकी दोघांनी याच मेसेजला उत्तर दिलं, एकाने तर पाच मिनिटांत.

एक साधी शीट बनवा. एजंटचं नाव, कुठलं घर, मेसेज कधी टाकला, काय म्हणाला, आणि शेवटचा कॉलम "म्हणाला ते केलं का". हा शेवटचा कॉलम खरा. आठवड्याभरात त्यात स्वच्छ दिसतं की गोड बोलणारा एक शब्द पाळत नाहीये आणि तुटक बोलणारा मात्र "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणून खरंच विचारून सांगतोय. त्या दुसऱ्याला धरून ठेवा. घर बघायच्या आधीच जो टोलवाटोलवी करतो तो डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी किंवा गळकं छत दाखवायच्या वेळी काय दिवे लावणार.

एका वेळी तीनेक एजंट पुरे. आणि तुम्ही इतरांशीही बोलताय हे सांगून टाका, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त एकच घर दोन एजंटकडून बघू नका, कमिशन कोणाचं यावरून नंतर वाद होतो आणि मधे तुम्ही सापडता. कोणी म्हणालं की फक्त माझ्यामार्फतच बघायचं असं लिहून द्या, तर सही करायच्या आधी दोन गोष्टी वाचा: मुदत कधी संपते, आणि तुम्ही स्वतः घर शोधलंत तरी त्याला पैसे द्यावे लागतात का. गप्प बसणाऱ्या एजंटशी असा करार म्हणजे आपणच आपले हात बांधून घेणं.

लांबून घर बघताना

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही, लाइव्ह कॉलच हवा. आणि तो घराच्या आत सुरू करायचा नाही, रस्त्यावरून सुरू करायला सांगा. मग गेट, जिना किंवा लिफ्ट, मग दरवाजा. त्याने घर खरंच तिथे आहे हे कळतं आणि त्याच्याकडे चावी आहे हेही कळतं. आत गेल्यावर नळ सोडायला लावा, फ्लश करायला लावा, सिंकखालचं कपाट उघडायला लावा, छताचे कोपरे दाखवायला सांगा, ओल तिथेच आधी दिसते. मग खिडकी उघडून तीस सेकंद काही न बोलता उभं राहायला सांगा. थोडं विचित्र वाटतं पण मला एका घराच्या मागचं वर्कशॉप असंच ऐकू आलं, फोटोत ते कुठे दिसणार.

फोटो बहुतेक वाइड लेन्सने काढलेले असतात, खोली दुप्पट वाटते. म्हणून मापं मागा. फ्रिजची जागा, बेडरूमची भिंत, दरवाजाची रुंदी. जो मापं घेऊन पाठवतो तो एजंट तुमच्यासाठी काम करतोय. गूगलवर फोटो टाकून शोधून बघा, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत निघाले तर तिथेच थांबा. स्ट्रीट व्ह्यू उपलब्ध असेल तर बघा, पण तो फोटो कधीचा आहे ते त्यावर लिहिलेलं असतं, पाच वर्षांपूर्वीचा मोकळा प्लॉट आज मोकळा असेलच असं नाही.

ऑफिसमधला कोणी तिथे राहत असेल तर पंधरा मिनिटं जाऊन यायला सांगा, लोक जातात, विचारायला लाजू नका. एचआरलाही विचारा, कंपनीचा ठरलेला एजंट असेल तर तो लवकर उत्तर देतो कारण त्याला पुढचीही कामं हवी असतात.

उलटा धोका

हे जरा नीट वाचा. पंधरा दिवस कोणी उत्तर दिलेलं नसतं, आपण रडकुंडीला आलेलो असतो, आणि अचानक एकजण दोन मिनिटांत उत्तर देतो. गोड बोलतो, घर सुंदर, भाडं आजूबाजूपेक्षा कमी. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, फक्त आज टोकन टाका नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. माझं बोट ट्रान्सफरच्या बटणावर गेलं होतं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली त्याला लाइव्ह कॉलवर दरवाजा दाखवायला सांग, सांगितल्यावर साहेब गायब.

घर लाइव्ह किंवा प्रत्यक्ष कोणीतरी बघितल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. पैसे द्यायच्या आधी मालकीचा कागद बघायचा, खात्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळतंय का बघायचं, आणि पावतीवर घराचा पूर्ण पत्ता, रक्कम कशाची आणि व्यवहार फिसकटला तर परत कधी मिळणार हे लिहून घ्यायचं. बऱ्याच देशांत एजंटला लायसन्स लागतं आणि त्यांची यादी ऑनलाइन बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे.

एजंट सोडूनही रस्ते आहेत

मला शेवटी घर मिळालं ते घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूकडून. ऑफिसच्या ग्रुपवर त्याने टाकलं होतं, मी त्यालाच फोन केला, त्याने न विचारता सांगितलं की बाथरूमचा नळ गळतो आणि मालक भला माणूस आहे. एवढी खरी माहिती मला नऊ एजंटनी मिळून दिली नव्हती.

पण एक उपाय सांगायचा झाला तर मी हाच सांगेन: दोन-तीन आठवड्यांसाठी सामानासकट मिळणारी छोटी जागा घ्या, मोठं सामान मागे ठेवा आणि तिथे जाऊन शोधा. खर्च होतो, मान्य आहे. पण "मी शहरात आहे, आज संध्याकाळी येऊ का?" एवढं म्हटलं की तेच एजंट फोन उचलायला लागतात. घाईत चुकीच्या घराचा वर्षभराचा करार करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. जुन्या घराची नोटीसही शक्य असेल तर हे ठरल्यावरच द्या.

तक्रारीचं म्हणाल तर नुसतं उत्तर दिलं नाही यावर कोणी काही करत नाही. मोठी एजन्सी असेल तर ब्रँच मॅनेजरला एक छोटा मेल टाका, दुसरा माणूस देतात कधी कधी. पैसे अडकले असतील तर मात्र सगळं लेखी ठेवा, फोनवर बोललेलंही नंतर मेसेजमध्ये "आत्ता बोलल्याप्रमाणे" करून टाकून ठेवा, आणि लायसन्स देणाऱ्या ऑफिसकडे जा.

तो "उद्या नक्की" वाला विसरलाच होतो मी. नवीन घरात येऊन तीन महिने झाल्यावर एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला, "सर, तुम्ही म्हणत होतात ना तसा दोन बेडरूमचा आलाय, बघायला कधी येताय?"

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो.