जिप्समच्या पोत्याआधी चर

उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुंध्यांवर फुटलेलं पीक) मोडला, रान मोकळं झालं की मे महिन्यात कृष्णा-वारणेकाठच्या काळ्या जमिनी आपलं दुखणं उघडं करतात. वरंब्याच्या माथ्यावर पांढरट पापुद्रा फुलतो, कुठे कुठे डबक्याची जागा काळपट, तुकतुकीत दिसते. वाळवा, मिरज, शिरोळकडे या सगळ्याला एकच नाव, क्षारपड. इलाजही एकच: जिप्समची, म्हणजे कॅल्शियम असलेल्या खनिजाची, ट्रॉली. मीही एका वर्षी असंच केलं होतं. दोन पावसाळे गेले, ऊस होता तसाच पिवळा, कारण रानाच्या खालच्या अंगाला पाणी निघायला वाटच नव्हती.

म्हणून पेरणीच्या धांदलीआधीच्या या तीन-चार आठवड्यांत आधी ओळख, मग चर आणि शेवटी जिप्सम, असा क्रम ठेवा.

आधी ओळख. खारवट जमिनीत सुटे, विरघळणारे क्षार जास्त असतात. क्षारता (क्षारांचं प्रमाण, विजेच्या वहनावरून मोजतात) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत. वरची माती उन्हाळ्यात पोकळ, भुसभुशीत लागते. हिला जिप्समची गरज नाही, क्षार पाण्यात विरघळवून रानाबाहेर काढायचे एवढंच. चोपण जमिनीत सुटे क्षार कमी, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला. हा चिकटलेला, म्हणजे विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या पुढे. ओली असताना साबणासारखी घसरते, वाळली की ढेकळावर कुदळ उडते. हिला जिप्सम हवंच. तिसरी खारवट-चोपण, आणि फसवते ती हीच. नुसतं पाणी भरून धुतली तर सुटे क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो आणि जमीन पक्की चोपण होते.

घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या ग्लासात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या (विहिरीचं नको, त्यातल्या क्षारांमुळे निकाल चुकतो). वाटाण्याएवढा वाळलेला मातीचा खडा हळूच सोडा आणि न हलवता चार-पाच तास ठेवा. खडा नुसता फुटून खाली बसला आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर सोडियमचा त्रास फारसा नाही. खड्याभोवती दुधासारखा गढूळ ढग तरंगत राहिला, तर चोपणपणा आहे. यावरून जिप्सम किती लागेल ते कळत नाही, पण नमुना कशासाठी तपासायचा ते कळतं.

नमुना देताना बहुतेक जण एका ठिकाणी चुकतात. मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं. त्यात विनिमययुक्त सोडियम नसतो आणि जिप्समची गरजही नसते. या दोन तपासण्या वेगळ्या मागाव्या लागतात. क्षारतेचा आकडा मातीच्या संपृक्त अर्कातला (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यातला) आहे की एकास अडीच द्रावणातला (एक भाग माती, अडीच भाग पाणी), हेही विचारून घ्या. वर दिलेला ४ चा आकडा संपृक्त अर्काचा आहे. पातळ द्रावणात तीच माती बरीच कमी क्षारता दाखवते आणि माणूस निर्धास्त होतो. नेहमीच्या पिकासाठी वरच्या थराचा नमुना पुरतो, इथे एक फूट, दोन फूट आणि तीन फूट असे तीन थर वेगवेगळे घ्या. वरचा पांढरा पापुद्रा त्यात मिसळू नका. खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका.

त्याच दिवशी गिरमिटाने पाच फुटांचं भोक पाडा आणि दुसऱ्या दिवशी आत पाणी किती वर आलंय ते काठीने मोजा. ऐन मे महिन्यात पाणी पाच फुटांच्या आत असेल, तर काळी माती दिव्याच्या वातीसारखी ते वर ओढते. पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. अशा रानात पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळणं म्हणजे जखमेवरची पट्टी काढणं. पाचटाचं आच्छादन राहू द्या, वरून होणारं बाष्पीभवन कमी होतं.

आता चर. जेसीबी मिळतो तो आत्ताच, जूनमध्ये रानात शिरत नाही. रानाच्या खालच्या अंगाला तीन-साडेतीन फूट खोल चर घ्या आणि तो ओढ्याला किंवा नाल्याला खरोखर जाऊन मिळतो का ते पायी चालून बघा. पुष्कळदा दोन बांधांपलीकडे ओढाच बुजवून त्यावर ऊस उभा असतो. मग आपला चर म्हणजे नुसता लांबट हौद. भूमिगत सच्छिद्र पाइपचंही तसंच. पाइपला गाळणीचं कापड आणि व्यवस्थित उतार हवा, आणि निकास एकत्र हवा, म्हणून हे काम शेजाऱ्यांनी मिळून केलं तरच टिकतं. एकट्याने दोन एकरात पाइप टाकून वरच्या अंगाच्या दहा एकरांचं पाणी ओढत बसण्यात अर्थ नाही.

निचरा झाला की चोपण आणि खारवट-चोपण रानात जिप्सम, आणि तेही पावसाआधी. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे चोपण मातीचे कण त्यात सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी वरच तुंबतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, माती रवाळ राहते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरात जातो. अहवालात आलेल्या गरजेच्या निम्मं पहिल्या वर्षी बारीक करून, शेणखतासोबत, वरच्या चार-सहा इंचात मिसळा. खोल नांगरून गाडलं तर वाया जातं. जमीन चुनखडीयुक्त असेल तर गंधकही चालतं, पण ते जिवाणूंमार्फत काम करतं, म्हणून वेळ लागतो. खारवट रानात बांध नीट बांधून पावसाचं पाणी आत मुरवा. वरून वाहून गेलेलं पाणी क्षार नेत नाही.

आडसाली (जुलै-ऑगस्टमधली उसाची लागण) लावायची असेल तर पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, एकरी २० किलो बी. ताग क्षार कमी सोसतो, धैंचा बऱ्यापैकी तग धरतो. ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर यायच्या सुमारास गाडून आठ-दहा दिवस कुजू द्या. जूनचा पाऊस वेळेवर असेल तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लागण बसते. बेणं निवडताना पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ हा वाण अशा जमिनीत इतर वाणांपेक्षा बरा टिकतो.

एक हिशेब मात्र जरूर करा. बोअरच्या पाण्याची क्षारता २ डेसीसायमन असेल तर लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एकरभर तीन इंच पाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. म्हणजे एका पाळीला पावणेचारशे ते चारशे किलो मीठ, ५० किलोची जवळपास आठ पोती, आपण आपल्याच हाताने रानात ओततो. कालव्याचं पाणी मिळत असेल तर ते मिसळून द्या, सरीआड सरी पाणी द्या.

ठिबक असेल तर आणखी एक. थेंबाभोवतीच्या ओलाव्याच्या कडेला क्षार गोळा झालेले असतात. वळवाची हलकी सर आली की लोक मोटार बंद करतात आणि ते क्षार थेट मुळांकडे धुतले जातात. सर हलकी असेल तर ठिबक चालूच ठेवा; चांगला भिजपाऊस झाला की मग बंद करा.