क्युबरनेटिसवर एन८एन चढवताना: आधी किल्ली, मग पॉड

एन८एन, म्हणजे कामं आपोआप करणारे वर्कफ्लो बनवायचं साधन, क्युबरनेटिसच्या क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनच्या समूहावर) टाकायचं म्हटलं की बहुतेक जण डिप्लॉयमेंटच्या यॅमलपासून (सेटिंग लिहिलेल्या फाइलीपासून) सुरुवात करतात. मी एन्क्रिप्शनच्या किल्लीपासून करतो. मेल, डेटाबेस, पेमेंट गेटवे यांची क्रेडेन्शियल्स (लॉगिनचे तपशील) एन८एन स्वतःच्या डेटाबेसमध्ये कुलूपबंद ठेवतं. किल्ली तुम्ही दिली नाहीत, तर पहिल्यांदा सुरू होताना ते स्वतःच एक तयार करून होम फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत लिहितं. त्या फोल्डरला कायमचा व्हॉल्यूम (साठवणीची डिस्क) नसेल आणि पॉड (ज्यात एन८एनचा कंटेनर चालतो ते क्युबरनेटिसचं एकक) बदलला, तर नवी किल्ली तयार होते. मग पोस्टग्रेस डेटाबेस शाबूत असतो, वर्कफ्लो जागच्या जागी दिसतात, पण एकही क्रेडेन्शियल उघडत नाही. म्हणून एक लांबलचक रँडम किल्ली बनवा, क्युबरनेटिसच्या सिक्रेटमध्ये ठेवा, एन८एन_एन्क्रिप्शन_की या व्हेरिएबलमधून पॉडला द्या आणि एक प्रत क्लस्टरबाहेर, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. क्युबरनेटिसचं सिक्रेट म्हणजे बेस६४ मध्ये (कुणालाही उलगडता येणाऱ्या रूपात) लिहिलेला मजकूर, तिजोरी नव्हे. सिक्रेटची यॅमल गिटमध्ये ढकलू नका.

बाकीची मांडणी सरळ आहे. डेटाबेस पोस्टग्रेस घ्या. व्हॉल्यूम एकाच नोडला (क्लस्टरमधल्या एका मशीनला) जोडता येणारा असेल तर डिप्लॉयमेंटची स्ट्रॅटेजी रीक्रिएट (आधी जुना पॉड बंद, मग नवा सुरू) ठेवा, नाहीतर जुना पॉड व्हॉल्यूम सोडत नाही आणि नवा ताटकळतो. कंटेनर १००० या युजर आयडीने चालतो, त्यामुळे एफएसग्रुपही (व्हॉल्यूममधल्या फाइलींचा गट) १००० द्या. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसलं तर आधी हेच तपासा.

आता सर्वांत चकवणारा बिघाड. सर्व्हिसचं (पॉडला नेटवर्कवर ठरलेला पत्ता देणाऱ्या भागाचं) नाव साहजिकच 'एन८एन' ठेवलं जातं. क्युबरनेटिस त्याच नेमस्पेसमधल्या (क्लस्टरच्या कप्प्यातल्या) प्रत्येक सर्व्हिससाठी पॉडमध्ये काही व्हेरिएबल घालतं, त्यांत एन८एन_पोर्ट येतो आणि त्याची व्हॅल्यू टीसीपीपासून सुरू होणारा अख्खा पत्ता असते. एन८एनसाठी मात्र हेच नाव म्हणजे स्वतःचा पोर्ट नंबर, एरवी ५६७८. पत्ता वाचून ते कोसळतं आणि पॉड क्रॅशलूपमध्ये जातो, म्हणजे पुन्हा पुन्हा सुरू होऊन पडत राहतो. ही व्हेरिएबल पॉड जन्मताना आधीपासून असलेल्या सर्व्हिसचीच मिळतात. त्यामुळे पॉड आधी आणि सर्व्हिस नंतर बनली असेल तर पहिल्या दिवशी सगळं चालतं आणि पुढच्या रीस्टार्टला पडतं. कोणी काहीच बदललेलं नसतं, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. सर्व्हिसला 'एन८एन-वेब' असं नाव द्या, किंवा पॉड स्पेकमध्ये इनेबल सर्व्हिस लिंक्स फॉल्स करा.

पॉड सारखा मरत असेल तर चालू लॉग पाहून उपयोग नाही, तो नव्या कंटेनरचा असतो. क्युबसीटीएल (क्युबरनेटिसची कमांड) लॉग्सला प्रीव्हियस जोडा. मग डिस्क्राइबमध्ये एक्झिट कोड पाहा. १३७ आणि सोबत ओओएम किल्ड असेल तर मेमरी संपली आहे. मर्यादा वाढवाच, पण हजारो ओळी एकाच वर्कफ्लोतून नेत असाल तर त्याचे तुकडे करून सब-वर्कफ्लोत टाका. तो उपाय जास्त टिकतो.

पॉड हिरवा आहे आणि बाहेरून वेबहुक (दुसऱ्या सेवेने पाठवलेली सूचना) येत नाही? एडिटरमध्ये वेबहुकचा पत्ता बघा. तिथे लोकलहोस्ट दिसत असेल तर इन्ग्रेसचा (बाहेरून क्लस्टरमध्ये यायच्या दाराचा) खरा एचटीटीपीएस पत्ता वेबहुक_यूआरएल मध्ये द्या. आणि जेनेरिक_टाइमझोन एशिया/कोलकाता करायला विसरू नका. मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं, त्यामुळे सकाळी ९ चा रिपोर्ट आपल्याकडे संध्याकाळी येतो, उन्हाळ्यात ६:३० ला आणि हिवाळ्यात ७:३० ला.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका, ठरावीक आवृत्ती लिहा. आवृत्ती बदलण्याआधी पोस्टग्रेसचा डंप घ्या, कारण नवी आवृत्ती सुरू होतानाच टेबलं बदलते. डेटा मोठा असला तर या बदलाला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही क्युबरनेटिसची तपासणी) पॉडला मेलेला समजून मधेच मारून टाकतो. हेल्थझेडवर (एन८एनची तब्येत सांगणाऱ्या पत्त्यावर) वेगळा स्टार्टअप प्रोब लावा आणि त्याला भरपूर मिनिटं द्या.